रात्री चुना टाकणारी माणसं

फ्लोरिडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मायामीचा किनारा येतो, नाहीतर डिस्ने वर्ल्ड. मरिआना त्या फ्लोरिडात नाही. राज्याचा एक चिंचोळा पट्टा पश्चिमेकडे अलाबामाच्या खालून जातो, त्यात हे छोटंसं गाव आहे. गावात कोर्टाची इमारत, चर्चेस, जुनी मोठी झाडं. आणि गावाबाहेर, १ जानेवारी १९०० रोजी सुरू झालेली, मुलांना ‘सुधारण्या’साठी सरकारने काढलेली शाळा. शाळेचं नाव अनेकदा बदललं. शेवटचं नाव डोझियर स्कूल फॉर बॉइज. शाळा बुडवणारी, सिगरेट ओढताना सापडलेली, घरातून पळालेली, कधी नुसतीच अनाथ असलेली मुलं इथे पाठवली जायची. काळ्या मुलांचं आवार वेगळं, गोऱ्यांचं वेगळं. २०११ मध्ये ही शाळा बंद झाली.

काळ्या मुलांच्या बाजूला एक लहानशी स्मशानभूमी होती. तिथे पांढरा रंग दिलेले, लोखंडी पाइपचे ३१ क्रूस उभे होते. एकावरही नाव नव्हतं. २०१३ मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ एरिन किमर्ली आणि त्यांच्या चमूने तिथे खोदायला सुरुवात केली, तेव्हा एकूण ५५ कबरी सापडल्या. क्रूस लावलेल्या जागेत त्यातल्या फक्त १३. बाकीच्या आजूबाजूच्या झाडोऱ्यात, मुळांखाली, रस्त्याखाली. एका कबरीत हाडांसोबत एक गोटी मिळाली. पोराच्या खिशात असणार.

हे सगळं मला कळलं ते एका भुताच्या कादंबरीमुळे. तॅननरिव्ह ड्यू या लेखिकेची ‘द रिफॉर्मेटरी’ २०२३ मध्ये आली आणि भयकथांसाठीचं ब्रॅम स्टोकर पारितोषिक तिला मिळालं. मी ती पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, फोनवर, दिवा बंद करून वाचली. (भुताची गोष्ट दिवा लावून वाचणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.) साल १९५०. रॉबी स्टीफन्स नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा. बहिणीच्या अंगचटीला येणाऱ्या एका बड्या गोऱ्याच्या पोराला तो लाथ मारतो आणि त्याबद्दल सहा महिन्यांसाठी सुधारशाळेत जातो. रॉबीला भुतं दिसतात. शाळेत ती सगळीकडे आहेत, आणि सगळी मुलांची आहेत. वॉर्डनला हे कळतं तेव्हा तो रॉबीला चक्क भुतं पकडून द्यायच्या कामाला लावतो. कारण त्या वॉर्डनला मेलेल्या मुलांची भीती वाटते. जिवंत मुलांची त्याला कधीच वाटली नव्हती.

या प्रकारच्या लेखनाला ‘सदर्न गॉथिक’ म्हणतात. अमेरिकेचं दक्षिण, म्हणजे गुलामगिरीवर कापूस पिकवून श्रीमंत झालेली, मग १८६५ मध्ये यादवी युद्ध हरलेली आणि त्यानंतरही शंभर वर्षं काळ्यांना वेगळं बसवणारी राज्यं. युरोपातल्या गॉथिक कथांमध्ये पडके किल्ले असतात. इथे रंग उडालेली लाकडी घरं, झाडांवरून लोंबणारं शेवाळं, उकाडा, आणि आपल्या खानदानाबद्दल तासन्‌तास बोलणारी माणसं असतात. १९३५ मध्ये एलन ग्लासगो या तिकडच्याच कादंबरीकार बाईंनी हे नाव नाक मुरडत वापरलं होतं. नाव टिकलं, मुरडलेलं नाक लोक विसरले. आता रीलवर सुद्धा धुक्यातल्या वाड्यांचे फोटो टाकून खाली हेच नाव लिहिलेलं असतं.

माझी तक्रार त्या रीलबद्दलच आहे. ‘छोट्या गावात दडलेलं भयंकर गुपित’ ही जाहिरात वाचून आपण गोष्ट उघडतो आणि गुपित कधी फुटतंय याची वाट बघत बसतो. पण या परंपरेतल्या चांगल्या गोष्टी जितक्या वाचल्या, तितकं माझं मत पक्कं होत गेलं, की गावात गुपित असं नसतंच. गावाला सगळं ठाऊक असतं.

विल्यम फॉकनरची ‘अ रोज फॉर एमिली’ घ्या. १९३० सालची गोष्ट आहे, त्यामुळे स्पॉयलरची माफी मागत नाही. मिसिसिपीतलं जेफरसन हे काल्पनिक गाव, तिथल्या जुन्या घराण्यातली एकटी बाई मिस एमिली. ती औषधवाल्याकडे जाऊन विष मागते. कशाला हवंय हे सांगणं कायद्याने बंधनकारक. ती सांगत नाही, नुसती रोखून बघते. औषधवाला मुकाट्याने विष देतो आणि पुडक्यावर उंदरांचा उल्लेख करून मोकळा होतो. तिचा प्रियकर गावातून दिसेनासा होतो. काही दिवसांनी तिच्या घराभोवती घाण वास सुटतो. तक्रारी येतात. पण एका खानदानी बाईला तोंडावर ‘तुमच्याकडे वास येतोय’ असं सांगायचं कसं? मग चार माणसं रात्री चोरासारखी तिच्या आवारात शिरतात, पायाशी, तळघरात चुना टाकतात आणि घरी जाऊन झोपतात. आठवड्या-दोन आठवड्यांत वास जातो. चाळीसेक वर्षांनी ती मरते आणि वरच्या मजल्यावरची खोली फोडली जाते, तेव्हा पलंगावर काय आहे हे बघून आपण हादरतो. गाव हादरत नाही. ते दार उघडायचं आहे हे त्यांना आधीपासून माहीत असतं. फक्त बाईला नीट मूठमाती मिळेपर्यंत ते थांबतात.

ही गोष्ट ‘आम्ही’ सांगतो, ‘मी’ नाही. आम्हाला वाटलं, आम्ही म्हणालो, आम्हाला तिची कीव आली. पहिल्या वाचनात मी त्या ‘आम्ही’त सहज सामील झाले होते, चार घरच्या गप्पा ऐकाव्यात तशी. भूत नाही या गोष्टीत. पण एक माणूस आहे, एमिलीचा काळा नोकर, टोब. तो त्या घरात सगळी वर्षं राहिला, बाजाराची पिशवी घेऊन येत-जात राहिला. ती मेल्यावर तो गावातल्या बायकांना पुढचं दार उघडून देतो, मागच्या दाराने बाहेर पडतो आणि परत कुणाला दिसत नाही. त्याला कुणी काही विचारत नाही. सगळं पाहिलेला एकमेव माणूस, आणि तो ‘आम्ही’त नाही.

आता मरिआनाकडे परत.

त्या शाळेत ‘व्हाइट हाउस’ नावाची एक छोटी काँक्रीटची इमारत होती. मुलांना तिथे नेऊन चामड्याच्या पट्ट्याने मारत. किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून एक मोठा पंखा सुरू करत. तिथे मार खाल्लेली आणि जगलेली मुलं म्हातारी झाल्यावर एकत्र आली, स्वतःला ‘व्हाइट हाउस बॉइज’ म्हणवू लागली आणि बोलायला लागली. मला त्या पंख्याचं फार वाटतं. आवाज दाबायला पंखा लावायचा, म्हणजे कुणीतरी ऐकेल ही शक्यता आहे. कुणीतरी ऐकेल, म्हणजे ऐकण्याच्या अंतरावर माणसं आहेत. शाळा ही गावातल्या कित्येक घरांची नोकरी होती. तिथे शिक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी गावातलेच. नाताळात शाळेच्या आवारात रोषणाई असायची आणि लोक पोराबाळांना घेऊन ती बघायला जायचे.

अगदी सुरुवातीलाच, १९०३ मध्ये, सरकारी तपासणीत तिथे मुलं बेड्यांमध्ये आढळली होती. १९१४ मध्ये वसतिगृहाला आग लागून मुलं मेली. त्यानंतरही चौकश्या होत राहिल्या, अहवाल येत राहिले. शाळा १११ वर्षं चालली. याला गुपित कसं म्हणायचं?

मरिआनाच्याच कोर्टासमोर ऑक्टोबर १९३४ मध्ये क्लॉड नील या काळ्या तरुणाचं प्रेत झाडाला टांगलं गेलं होतं. जमाव त्याला मारणार आहे ही बातमी आधीच पसरली होती, वर्तमानपत्रांतून सुद्धा. नंतर त्या प्रेताचे फोटो पोस्टकार्डासारखे विकले गेले. खटला कुणावरच चालला नाही. लपवायची गरज वाटली असती तर निदान अंधार तरी शोधला असता.

२०१३ मध्ये कबरी खोदायची वेळ आली तेव्हा गावातल्या काही लोकांनी विरोध केला. गावाचं नाव खराब होईल, झालं ते झालं, आता कशाला. आपल्याकडे याला ‘जुनी मढी उकरू नका’ म्हणतात. इथे तो वाक्प्रचार राहिला नव्हता, शब्दशः तेच चाललं होतं. राज्य सरकारच्या खात्याने आधी परवानगी नाकारली. ऑगस्टमध्ये राज्यपाल आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने ती दिली.

हे वाचत असताना मला आमच्या आजोळची विहीर आठवत होती, आणि ती आठवू नये असंही वाटत होतं. फ्लोरिडातलं दुःख वाचायचं आणि लगेच ‘आमच्याकडे पण असंच’ म्हणायचं, ही सवय मला आवडत नाही. वर्णद्वेषाचा तो इतिहास त्यांचा आहे, त्याला आपली ठिगळं लावू नयेत. पण ‘आम्ही’ हा शब्द वाचल्यावर जी कळ आली, ती विहिरीकडूनच आली होती, म्हणून सांगते.

वाड्यामागे विहीर, तिच्यावर आता सिमेंटचा स्लॅब. तिन्हीसांजेनंतर तिकडे जायचं नाही, कारण तिथे हडळ आहे. तिच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत आणि त्या वाजतात. आम्ही मावसभावंडं एकमेकांना ढकलत स्लॅबपर्यंत जायचो आणि किंचाळत परत यायचो. त्याच घराच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मागे, चांदीचा एक छोटा टाक होता. त्यावर बाईची आकृती. रोज हळद-कुंकू लागायचं. मी तिला कुठलीतरी देवी समजायचे. आणि पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला एका सवाष्णीला जेवायला बोलवायचे, खण-नारळाने ओटी भरायचे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी हे करतात. हडळ, टाक आणि नवमी या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

‘द रिफॉर्मेटरी’ संपवल्यावर दोन दिवसांनी मी आजीला व्हिडिओ कॉल केला.

“आजी, विहिरीत जी बाई गेली ती कोण गं?”

“आत्ता कुठून आठवलं तुला?” मग कॅमेरा छताकडे. आजीला फोन धरायला कधी जमलं नाही. छताच्या पंख्याकडे बघत मी ऐकलं. “माझी थोरली जाऊ. तुझ्या मोठ्या आजोबांची पहिली. मी लग्न होऊन आले त्याच्या आधी दोन वर्षं.”

“पाय घसरला ना?”

“घसरला म्हणायचं.”

एवढंच. ‘घसरला’ नाही, ‘घसरला म्हणायचं’. मराठी व्याकरणात याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण चुन्याची पिशवी खांद्यावर घेतलेली चार माणसं मला त्या एका क्रियापदात दिसली. वर्षाच्या आत मोठ्या आजोबांचं दुसरं लग्न झालं. टाक दुसरीने आणला. सवतीचा त्रास होऊ नये म्हणून आणतात. म्हणजे ज्या घराला तिच्याबद्दल बोलायचं नव्हतं, ते घर रोज सकाळी तिला हळद-कुंकू वाहत होतं.

मी नाव विचारलं. आजीने सांगितलं. मग स्वतःच म्हणाली, “ते इकडचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं. माहेरचं काय होतं कुणास ठाऊक.” तिच्या माहेरचं कुणी नंतर आलं नाही, की आलेल्याला कुणी बसवून घेतलं नाही, तेही आजीला नीट आठवत नव्हतं. जे नाव कळलं ते मी इथे लिहीत नाही. अर्धंच आहे ते.

त्यानंतर मी आपल्या भुतांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. मुंजा, म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा. अळवंतीण, बाळंतपणात गेलेली. आपण यांना अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो, पण ही यादी वाचली तर ती मृत्यूची नोंदवहीच वाटते. कोण, कुठल्या वयात, कशाने. फक्त नावाचा रकाना रिकामा. भुताला जात असते, प्रकार असतो, झाड असतं. नाव नसतं.

दक्षिणेत भुताला ‘हेंट’ म्हणतात. कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गलागीची लोकांत घराच्या ओसरीचं छत फिकट निळ्या रंगाने रंगवायची पद्धत आहे. हेंटला ते पाणी वाटतं आणि पाणी ओलांडून त्याला येता येत नाही. या लोकांचे पूर्वज तिथल्या नीळ आणि भाताच्या मळ्यांवर गुलाम होते. आज तोच रंग ‘हेंट ब्लू’ नावाने श्रीमंतांच्या बंगल्यांना लागतो. भुताची आख्खी बाजारपेठच आहे तिकडे. लुइझियानातल्या मर्टल्स प्लँटेशन नावाच्या जुन्या मळ्यावर क्लोई नावाच्या गुलाम स्त्रीचं भूत दाखवतात: मालकाने कान कापलेली, हिरवा फेटा बांधणारी, सूड म्हणून केकमध्ये विष घालणारी. पर्यटक तिथे मुक्कामाला राहतात. गंमत अशी, की अशी कुणी क्लोई त्या घरात असल्याची नोंद सापडत नाही. इतिहासकार टाया माइल्स यांनी २०१५ मध्ये या भूत-सहलींवर पुस्तक लिहिलं. खऱ्या गुलाम स्त्रियांबद्दल काही न सांगता त्यांच्या छळाची करमणूक कशी केली जाते, हे त्यात वाचून माझं क्लोईबद्दलचं कुतूहल संपलं. भुताची गोष्ट हा सुद्धा चुनाच असू शकतो. विहिरीतल्या बांगड्या वाजवून आम्ही पोरं तेच करत होतो.

मग ड्यूचं भूत वेगळं कसं? हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. कारण याच शाळेवर कोल्सन व्हाइटहेडची ‘द निकेल बॉइज’ आहे, २०१९ ची, पुलित्झर मिळालेली. तिच्यात एकही भूत नाही आणि ती वाचून झोप उडते. २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. भुताशिवाय जमत असेल तर भूत कशाला?

माझ्यापुरतं उत्तर ड्यूच्या घरात सापडलं. तिची आई पॅट्रिशिया स्टीफन्स ड्यू नागरी हक्क चळवळीतली नावाजलेली कार्यकर्ती. १९६० मध्ये टॅलाहासीत गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर बसल्याबद्दल दंड भरण्याऐवजी तिने ४९ दिवस तुरुंग पत्करला. मायलेकींनी मिळून त्या सगळ्या लढ्यावर पुस्तकही लिहिलं. अशी, काहीही न लपवणारी बाई. ती २०१२ मध्ये वारली. पुढच्या वर्षी फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून ड्यूला फोन आला: तुमच्या आईचा एक काका, रॉबर्ट स्टीफन्स, १९३७ मध्ये, १५ वर्षांचा असताना, डोझियर शाळेत मेला; तो तिथेच पुरलेला असावा. ड्यूने हे नाव घरात कधी ऐकलं नव्हतं.

म्हणजे गप्प बसणारं एकटं गावच नव्हतं. ज्याचं पोर गेलं ते घरही गप्प होतं. गावाच्या आणि घराच्या गप्प बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाला आपलं नाव जपायचं होतं, दुसऱ्याला उरलेली मुलं. पण त्यामुळे झालं असं, की रॉबर्टबद्दल बोलू शकेल असा जिवंत माणूसच उरला नाही. साक्षीदार नाही, पत्र नाही. अशा वेळी वास्तववादी लेखकाने काय करावं? ड्यूने कादंबरीतल्या पोराला त्याचंच नाव दिलं, काळ तेरा वर्षं पुढे नेला, आणि मेलेल्यांनाच बोलतं केलं. ही भुतं वाचकाला घाबरवत बसत नाहीत, आपल्याला कुणी आणि कसं मारलं ते सांगायला बघतात. मला वाटतं, क्लोई आणि यांच्यात हाच फरक. क्लोई बघून लोक हसत-ओरडत हॉटेलात परत जातात.

रॉबर्ट स्टीफन्सचे अवशेष पुढे डीएनएवरून ओळखले गेले. २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने औपचारिक माफी मागितली. २०२४ मध्ये वाचलेल्यांना भरपाई म्हणून २ कोटी डॉलरची तरतूद झाली. तोवर मार खाल्लेली बरीच पोरं म्हातारी होऊन मेली होती.

पण सगळ्यात आधी ओळख पटली ती जॉर्ज ओवेन स्मिथची. १९४० मध्ये त्याला शाळेत पाठवलं गेलं. १९४१ च्या जानेवारीत घरच्यांना कळवण्यात आलं, की तो पळाला होता आणि एका घराखाली मेलेला सापडला. घरचे मरिआनाला पोचले तेव्हा त्याला पुरून झालं होतं. त्यांना ताज्या मातीचा एक ढिगारा दाखवला. त्याची बहीण तेव्हा बारा वर्षांची होती. आई-वडील गेले, ती म्हातारी झाली, तरी विचारत राहिली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिचा डीएनए त्या हाडांशी जुळला. तिने तेव्हा वयाची ऐंशी ओलांडली होती. भाऊ चौदाच वर्षांचा होता.